नवस हाय का काय?

सोलापूर जिल्ह्याला सायकलचं नावीन्य नाही. दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, गॅसची टाकी, कापडाचे तागे, पुढे नळीवर दोन पोरं आणि मागे कॅरिअरवर त्यांची आई, एवढं सगळं सायकलवरून जाताना इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे आणि त्यात कुणाला कधी वावगं वाटलेलं नाही. लोकांना खटकते ती रिकामी सायकल. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, अंगाला चिकटलेलं पोपटी बनियन, मांडीवरच संपलेली काळी चड्डी, डोक्याला भोकाभोकाचं टोपडं, आणि सायकलवर ओझं म्हणून काही नाही, हा माणूस भल्या पहाटे नेमक्या कोणत्या कामाला निघालाय, हे कळल्याशिवाय रस्त्याकडेच्या गावांना चहा गोड लागत नाही.

तरी सोलापूर शहर स्वतः सायकलीवर वाढलेलं आहे. १८७७ साली इथे जुनी मिल निघाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या, आणि पुढच्या काळात पाळीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली दिसत. सायकल तासावर भाड्याने मिळे. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडत, आणि डबलसीट पकडलं तर मागचा उतरून आपण पुढच्याला ओळखत नसल्याचं सांगे. मग गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, सायकली माळ्यावर गेल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला आणि २०२० च्या बरोबर ३ जूनला ॲटलस सायकलच्या साहिबाबादच्या शेवटच्या कारखान्याला टाळं लागलं. दिनविशेष इतका मनापासून साजरा झालेला माझ्या पाहण्यात नाही.

आता सायकल परत आली आहे, पण कामगाराकडे नाही. ती डॉक्टर, वकील, कर सल्लागार आणि माझ्यासारखे साखरेच्या सीमारेषेवर उभे असलेले लोक यांच्याकडे आली आहे. आमच्या ग्रुपातले डॉक्टर बालरोगतज्ज्ञ आहेत. आठवडाभर दुसऱ्यांची पोरं रडताना ऐकायची आणि रविवारी स्वतः कण्हायचं, असा त्यांचा दिनक्रम. नियमांचा माणूस. चढावर कुणी मायेनं पाठीला हात लावून ढकलू लागलं तरी ते थांबतात, हात काढायला लावतात आणि पुन्हा निघतात. राइड मोबाईलच्या ॲपवर नोंदली गेली नाही, तर ती झालीच नाही, हा त्यांचा दुसरा नियम. संध्याकाळी ती नोंद ग्रुपवर पडते आणि तिथे तिची छाननी जमिनीच्या उताऱ्यापेक्षा बारकाईनं होते.

तर सोलापूर, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ आणि परत सोलापूर असा दीडेकशे किलोमीटरचा फेरा ठरला. महिना जानेवारी, माघी एकादशी चार-पाच दिवसांवर. पहाटे गारठा इतका की डॉक्टरांनी आपल्या पेशंटांना घालायला सांगतात तसली कानटोपी हेल्मेटखाली घातली होती.

देगाव मागे पडेपर्यंत कुत्र्यांचा अंमल असतो. सोलापुरातल्या माणसांना मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा येतात. कुत्र्यांनाही येत असाव्यात, कारण ‘हाड’, ‘होगू’ आणि ‘पो’ यांतल्या एकाचाही त्यांच्यावर परिणाम झाला नाही. डॉक्टरांचं म्हणणं, उतरून चालू लागलं की कुत्रं गप्प होतं. हे खरं आहे. पण मग दीडशे किलोमीटर चालत जावं लागतं.

तिऱ्ह्याला सीना ओलांडली आणि उजाडलं. उजाडल्यावर दिसला तो ऊस. ह्या जिल्ह्याची पावसाची सरासरी वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि साखर कारखान्यांच्या संख्येत जिल्हा राज्यात आघाडीवर. ह्या दोन वाक्यांच्या मध्ये उजनी धरण बसलेलं आहे आणि त्याच्या पाण्यावरून होणारी भांडणं उरलेल्या जागेत. हंगामात रस्ता उसाचाच असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर दुमजली ऊस, मागच्या ट्रॉलीला दिव्याऐवजी ‘आईचा आशीर्वाद’, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन कर्णे. कर्ण्यांचा आवाज एवढा की मागून हॉर्न दिला तर तो त्याला गाण्यातलाच एक ठोका वाटतो. आमची तर घंटी.

चढावर ट्रॅक्टर दमतो आणि आम्ही पुढे जातो. उतारावर तो आम्हाला गाठतो. असं तीन-चारदा झालं की ओळख होते. पाचव्या वेळी ड्रायव्हरनं गाणं बारीक करून विचारलं, “धरता का मागं साखळी?” लहानपणी आम्ही सगळे ट्रॉलीची साखळी धरूनच शाळेत गेलो आहोत. माझा हात आपसूक गेला.

“सोडा!” डॉक्टर मागून ओरडले. “ते फाउल आहे.”

“आज कुठे परीक्षा आहे?”

“नियम हा नियम असतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दवाखान्यातली पोरं का रडतात, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

कामतीला चहाला थांबलो. सायकल टेकवायला जागा शोधताना पाहूनच टपरीवरच्या मंडळींनी खुर्च्या फिरवल्या. पहिला प्रश्न नेहमी किमतीचा असतो. डॉक्टर त्याचं उत्तर ‘आठ हजार’ असं देतात. त्यात ते एक शून्य वगळतात, पण डोस वयानुसार कमी करावा लागतो असं त्यांचं मत आहे. मी मात्र पचकलो.

“ऐंशी हजार?” धोतर-फेट्यातले एक आबा उठून आले. त्यांनी सायकलभोवती बैल पारखायला मारतात तशी एक फेरी मारली. “कॅरेल न्हाई.”

“नाही.”

“मडगार्ड न्हाई. चेनकव्हर न्हाई.”

“नाही.”

त्यांनी वाकून खाली पाहिलं. मग सरळ होऊन, आमची फसवणूक आम्हाला हळूच सांगावी म्हणून, आवाज उतरवला. “ऐंशी हजारात स्टँड बी दिलं न्हाई?”

ह्यावर डॉक्टरांनी वजन वाचवण्याचं शास्त्र सांगितलं. स्टँडचं वजन चारशे ग्रॅम. आबांनी डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. जुन्या माणसांमध्ये ही एक रीत असते.

एवढ्यात एका तरुणाचं लक्ष डॉक्टरांच्या हँडलवरच्या छोट्या पडद्याकडे गेलं. “हे कसलं मीटर?”

“जीपीएस,” डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

टपरी एकदम शांत झाली. एकीकडून सुरत–चेन्नई महामार्गाची चर्चा, दुसरीकडून नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाची. ह्या जिल्ह्यात बांधावर उभा राहून यंत्राकडे पाहणारा अनोळखी माणूस म्हणजे काय, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोघांनी चहाचे कप खाली ठेवले. पडद्यावर १३२ हा आकडा लुकलुकत होता.

“हे एकशे बत्तीस काय?” तरुणानं विचारलं. “गट नंबर?”

“हृदयाचे ठोके,” डॉक्टर म्हणाले.

“कुणाच्या?”

शक्तिपीठाशी आमचा संबंध नाही, आम्ही कुणाची मोजणी करत नाही, मोजलंच तर स्वतःचं हृदय मोजतो, हे पटवायला दुसरा चहा लागला. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: सरकारी काम नाही, धंदा नाही, निवडणूक नाही, तर मग हे चाललंय कशापायी? डॉक्टरांनी फ्रान्सपासून सुरुवात केली. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला आणि परत अशी बाराशे किलोमीटरची सायकल शर्यत झाली, त्यातून पुढे लांब पल्ल्याच्या सायकलिंगची परंपरा आली, तिला ब्रेव्हे म्हणतात, आपल्याकडे बीआरएम. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. हे चारही एका हंगामात पुरे केले की तो सुपर रँडोनिअर. डॉक्टर स्वतः आहेत.

“पैल्या नंबराला काय मिळतं?” आबा.

“नंबर काढत नाहीत.”

“मग हरलं कोण ते कसं कळतं?”

“हरत कुणी नाही. वेळेत पोचायचं.”

“बरं. मग पोचल्यावर?”

“प्रमाणपत्र. आणि पदक हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे भरून...”

“भरून?” तरुण म्हणाला. “म्हंजी तुमीच पैसे देता?”

“प्रवेश फी असते.”

टपरीवर जे हसू फुटलं ते पार रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं. तिथल्या माणसानं ‘काय झालं?’ म्हणून विचारलं, इथून एकानं ओरडून सांगितलं, आणि मग गिरणीही हसली. हसले नाहीत ते फक्त आबा. ते विचारात पडले होते. शेवटी त्यांना उमगलं. “नवस हाय का काय?”

डॉक्टर विज्ञाननिष्ठ. ते “छे छे” म्हणणार तोच मी म्हणालो, “पंढरपूरला चाललोय.”

“मग आदी सांगायचं की वो माऊली!”

त्या एका शब्दानं सगळ्याचा हिशेब लागला. पोपटी बनियन, भोकाचं टोपडं, स्टँड नसणं, फी भरणं, सगळं. आबांनी हात जोडले. तरुणानं आमच्या बाटल्या भरून आणल्या. चहाचे पैसे घेतले नाहीत, वर दोन पार्ले बिस्किटं हातात कोंबली. डॉक्टर गोंधळून गेले होते. पुढे मैलभर गेल्यावर म्हणाले, “हे खोटं बोलणं झालं.”

“पंढरपूरला आपण चाललोय की नाही?”

“चाललोय.”

“मग?”

डॉक्टर गप्प झाले. पहिली वीट तिथे सैल झाली असावी.

ह्यात लोकांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. रात्री तीनला उठून कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणारी बीडकडची जोडपी ज्या रस्त्याकडेला राहतात, तिथे हौसेनं घाम गाळणारा माणूस हा खुलासा मागण्यासारखाच प्रकार आहे. घाम इथे मजुरीचा असतो. बिनमजुरीचा घाम गाळायचा तर त्याला तेवढंच मोठं नाव लागतं, आणि विनाकारण शेकडो मैल चालणाऱ्या लाखो लोकांना ते नाव देऊन ह्या मुलखानं प्रश्न कधीच मिटवून टाकला आहे. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले होते. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. वाळवंटं, अरण्यं, सगळं पार करून. पण ‘कशापायी’ला त्यांनी देशोदेशी काय उत्तर दिलं असेल ह्याची मला काळजी वाटते. त्यांच्या वाटेवर पंढरपूर नव्हतं.

बेगमपूरला भीमा लागते. पलीकडे माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ, उतरत गेलेला घाट आणि जवळच औरंगजेबाच्या छावणीची जागा. मराठ्यांचा बंदोबस्त करायला आलेला हा बादशहा १६९५ पासून १६९९ पर्यंत इथे ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला होता. लांबच्या प्रवासाला निघताना सामान किती घ्यावं, ह्याबाबत तो आमच्या अगदी उलट मताचा: हत्ती, उंट, तोफा, बाजार, जनानखाना. आम्ही एक हातपंप आणि दोन ट्यूब घेऊन पंढरपूर गाठणार होतो, त्याला चार वर्षांत सातारा गाठवला नव्हता. शिवाय इतक्या लोकांत त्याला तोंडावर ‘कशापायी?’ विचारणारा एक आबा भेटला नाही, ही त्याची खरी अडचण. दिल्लीला वेळेत परतला असता.

माचणूर सोडलं की उसाची भिंत तुटते आणि एकदम आभाळ दिसतं. मंगळवेढ्याचं शिवार. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आणि तीवर नजर पोचेल तिथवर ज्वारी. भाद्रपदात-आश्विनात पेरायची आणि नंतर वर पाहायचं नाही. जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव यांवर पीक येतं. ही मालदांडी. तिच्यातून निवडलेला एम ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, सोलापूरच्या डाळिंबाला मिळालं त्याच वर्षी. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारं फोडून धान्य वाटलं ते ह्याच गावचं. सरकारी गोदामातलं धान्य बाहेर काढलं म्हणून ज्याचं देऊळ झालं, असा दुसरा अधिकारी महाराष्ट्राला अजून मिळायचा आहे. उलट प्रकारे धान्य बाहेर काढणारे बरेच झाले.

माळ्यावर उभा राहून एक पोरगा गोफण फिरवत होता. “हाऽऽ हाऽऽ” करत त्यानं पाखरांचा एक थवा उठवला, आणि आमची पोपटी बनियनं पाहून गोफण तशीच हातात धरून थांबला. त्याचा विचार चालला असणार. तेवढ्यात बांधावरून हाक आली, “या की वो! हुरडा खावा.”

ही हाक टाळून पुढे जाणारा माणूस बीआरएम पुरी करू शकेल, पण मला त्याच्याशी बोलायचं नाही. शेतात आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गूळभेंडीची कणसं खुपसायची, हिरवा वास सुटला की काढायची, आणि हातावर चोळून दाणे पुढ्यात टाकायचे. कणीस चोळणाऱ्या काकांच्या तळव्याला निखाऱ्याचं काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी एक कणीस हौसेनं हातात घेतलं आणि लगेच मला दिलं. मी ते तितक्याच तातडीनं काकांना दिलं. सोबत शेंगाची चटणी, गूळ, बोरं, दही. सोलापूरची शेंगाचटणी उखळात कांडून तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, आणि ती खाल्ल्यावर माणसाला दुसरं काही आठवत नाही. डॉक्टरांना मात्र आठवलं. त्यांनी खिशातून शक्तिवर्धक जेलचं पाकीट काढलं. दर पाऊण तासाला एक घ्यायचं असतं.

“काय हाय?” काकांनी विचारलं.

“ह्यात पंचवीस ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. ताकदीसाठी.”

“केवढ्याला?”

“एकशे तीस रुपये.”

काकांनी पाकीट फाडून बोटावर घेतलं, चाखलं, आणि तोंड वेडंवाकडं न करता ते गिळलं. पाहुण्याचा मान. “काकवी हाय,” ते म्हणाले. “जरा बिघडलेली.” मग त्यांनी डॉक्टरांपुढे आणखी एक ओंजळ हुरडा टाकला. डॉक्टरांनी तो खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. नंतर त्यांनी तासाभराचा आराम हाही शास्त्रात बसतो असं जाहीर केलं, ॲपला ‘थांबा’ची कळ दाबली आणि कडब्याच्या गंजीला पाठ लावून घोरू लागले. पडद्यावर ठोके ६४ पर्यंत उतरले. काकांना तो आकडा फार आवडला, ते दर थोड्या वेळानं वाकून पाहून येत आणि बायकोला सांगत, “बासष्ट झालं.”

मंगळवेढ्यात चोखोबांसाठी थांबलो नाही, उशीर झाला होता, तेवढं राहिलं. पंढरपूरच्या रस्त्याला लागलो तर पुढे माघीची दिंडी. पन्नास-साठ माणसं, दोन पताका, एक वीणा, आणि सामानाचा टेम्पो. आमच्याकडे पाहून टाळ थोडे मंदावले. डॉक्टर आता तरबेज झाले होते. कुणी विचारण्याआधीच ते म्हणाले, “रामकृष्णहरी! पंढरपूर.”

पण इथे हा शब्द चालेना. इथे सगळेच पंढरपूरला निघालेले. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या एक आजी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, “बसून चाललाव व्हय?”

“बसून म्हणजे, आजी, पाय मारावे लागतात.”

“पर बूड टेकलेलं हाय न्हवं?”

ह्याला डॉक्टरांपाशी उत्तर नव्हतं. खरं तर त्या घडीला बूड हाच आमचा सर्वात दुखरा अवयव होता आणि ते टेकलेलं होतं हीच तक्रार होती; पण ते सांगायचं कसं? पहाटेपासून आम्ही जे कष्ट म्हणून मिरवत होतो, ते आजींनी चैनीच्या खात्यात टाकून दिले. मग त्यांना दया आली. कनवटीचा बटवा सोडून त्यांनी दहाची नोट काढली. “मी पोचते का न्हाई एकादशीपातुर, पाय सुजल्यात. तू जाशील पुढं. पायावर डोकं ठिव अन् पेटीत टाक.” डॉक्टरांनी सुजलेले पाय तिथेच दाबून पाहिले, रक्तदाबाची गोळी घेता का विचारलं, मीठ कमी करायला सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. “ते बी सांग त्येला,” त्या म्हणाल्या आणि दिंडी पुढे झाली. डॉक्टरांनी नोट मोबाईलच्या कव्हरात, आधार कार्डाच्या शेजारी ठेवली.

पंढरपुरात सायकल टेकवायची म्हणजे प्रासादिक भांडाराच्या भिंतीला, आणि भिंतीचं भाडं म्हणजे चुरमुरे-बत्तासे, बुक्का, तुळशीची माळ. आमच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकायची खटकी असते. चप्पल स्टँडवरच्या पोरानं बूट उलटा करून पाहिला. “नाल मारलाय व्हय?” त्यानं शेजाऱ्यालाही दाखवला. माघीची गर्दी, पदस्पर्शाची रांग पार लांबवर गेलेली. मुखदर्शन घ्यावं असं मी सुचवलं. डॉक्टर थबकले.

“आजींनी पायावर डोकं ठेवायला सांगितलंय.”

“रांग सात-आठ तासांची असेल.”

“पण मुखदर्शनात पाय येत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. नियमांचा माणूस. शेवटी तोडगा निघाला: नामदेव पायरीवर डोकं ठेवायचं आणि आत लांबून मुख पाहायचं, म्हणजे दोन्ही मिळून एक होतं. पायरीवर डोकं ठेवताना विज्ञाननिष्ठ डॉक्टरांनी हेल्मेट काढलं, कानटोपीही काढली. दहाची नोट पेटीत टाकताना त्यांनी तिचा फोटो काढायला मला सांगितला. पुरावा म्हणून. आणि मग, कुणाकडे न पाहता, मिठाचं वगैरेही पुटपुटून घेतलं. निरोप दिलेला होता.

परतीबद्दल थोडक्यात सांगायचं तर वारा. जानेवारीत आमच्याकडे वारा पूर्वेचा असतो. जाताना तो पाठीशी होता, तेव्हा आम्ही त्याला ‘सराव’ म्हणत होतो. आता आम्हाला पूर्वेलाच जायचं होतं. तुंगत गेलं, पेनूर येता येईना. दुपारचं ऊन बत्तिसाच्या घरात, दोन्हीकडे तुरीचे आणि उसाचे फड, आणि कर्णेवाले ट्रॅक्टर आता आम्हाला चढावरही मागे टाकू लागले. त्यातल्या एकानं हात केला. सकाळचाच.

मग बाभळीचा काटा. पहिली ट्यूब, थोड्या अंतरावर दुसरी. बाभळीची काय इच्छा होती कळत नाही, पण तिसऱ्या वेळी आमच्याकडे ट्यूब नव्हती. रस्त्याकडेला ट्रॅक्टरच्या चाकांमध्ये बसलेला एक पंक्चरवाला सापडला. त्यानं आमच्या चाकाचा बारीक, टोकदार व्हॉल्व्ह पाहिला, मग डॉक्टरांच्या बोलण्यावरून ते डॉक्टर आहेत हे कळल्यावर पुन्हा व्हॉल्व्ह पाहिला. “सलाईनची सुई बसवलीय व्हय, साहेब?” त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसेना. शेवटी त्यानं ठिगळ लावलं, आम्ही हातपंपानं हवा भरली, एकेकानं पन्नास पन्नास झटके. त्यानं वीस रुपये घेतले. पंढरपूरचा प्रसाद दिला तर दहा परत केले.

मोहोळला महामार्ग लागला तेव्हा सूर्य मावळतीला होता. लांबोटीचा पूल आला तेव्हा अंधार पडला. ह्याच सीनेनं २०२५ च्या सप्टेंबरात इथे पुण्याचा महामार्ग अडवून धरला होता, साडेपाचशे मिलिमीटरच्या जिल्ह्यात. आता खाली पाणी आहे की नाही हेही वरून कळत नव्हतं. वारा तसाच. डॉक्टर गेल्या तासाभरात एक शब्द बोललेले नव्हते. पडद्यावर १५८ आकडा होता. कुणाचे ठोके, हे आता विचारण्यात अर्थ नव्हता.

कांद्यानं भरलेला एक टेम्पो आमच्यापुढे जाऊन थांबला. सोलापूरच्या बाजार समितीत निघालेला. ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढलं. “मालक, टाका मागं. पोत्यांवर जागा हाय.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पूर्वेकडे पाहत होते.

“नको हो,” मी म्हणालो. “हे सगळं मोबाईलवर नोंदलं जातं. गाडीत बसलो तर कळतं.”

“कसं काय?”

“वेग दिसतो ना. सायकल काही साठनं जात नाही.”

ड्रायव्हरनं क्षणभर विचार केला. भला माणूस होता. “मग सावकाश हाणतो की. कांद्याला कुटं घाई हाय? बोला, कितीनं नेऊ? बावीस ठिवू?”

“बावीस नको,” डॉक्टर सायकल उचलत म्हणाले. “समोरून वारा आहे. अठराच ठेवा.”